नगरचा श्यामसुंदर

आमच्या सासूबाईंचं माहेर नेवासे तालुक्यातलं. त्यांच्या लहानपणी गावच्या यात्रेत तंबूचा सिनेमा यायचा. दिवसा मालमोटारीतून पेट्या उतरायच्या, अंधार पडला की इंजिन धडधडायला लागायचं, आणि तंबूत एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष अशी बैठक. घरून पोतं नाहीतर घोंगडी न्यायची आणि जागा धरून बसायचं. अशाच एका यात्रेत त्यांनी ‘संत ज्ञानेश्वर’ पाहिला. पडद्यावर भिंत चालायला लागली तेव्हा पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. मागच्यांना दिसेना, तरी कुणी ओरडलं नाही, असं सासूबाई सांगतात. तेव्हापासून माउली म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो. गोरा, शांत, मोठ्या डोळ्यांचा, खांद्यावर केस रुळणारा.

तो चेहरा शाहू मोडक यांचा. मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे की हे शाहू मोडक आपल्या नगरचे? आणि जन्माने मराठी ख्रिस्ती? मलाही बी.ए. होईपर्यंत हे माहीत नव्हतं. नगर म्हटलं की सदाशिव अमरापूरकरांचं नाव पटकन ओठावर येतं, आणि यायलाच हवं. पण त्यांच्याही कितीतरी आधी, बोलपट नुकते बोलायला लागले होते तेव्हा, आपल्या गावचा एक चौदा वर्षांचा मुलगा साऱ्या महाराष्ट्राचा कृष्ण झाला होता.

शाहू मोडकांचा जन्म २५ एप्रिल १९१८ चा, अहमदनगरचा. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण जुन्या गोष्टी सांगताना तोंडात नगरच येतं, तेव्हा मी नगरच म्हणते. त्याच वर्षी दसऱ्याला, ऑक्टोबरात, शिर्डीत साईबाबांनी देह ठेवला. पुढच्या चार-पाच वर्षांत अरणगावला मेहेरबाबा आले. आणि अमेरिकन मराठी मिशन तर १८३१ पासून नगरात पाय रोवून होतं. मिस फरार यांनी इथे मुलींना शिकवलं, सावित्रीबाई फुले त्यांच्याकडे शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला आल्या, हे आपण शाळेत वाचलेलं आहेच.

या नगरच्या ख्रिस्ती घरांचं एक वेगळेपण होतं. त्यांनी धर्म बदलला, पण गाणं बदललं नाही. पेटी, तबला, टाळ, अभंग, ओवी, सगळं तसंच राहिलं. एकोणिसाव्या शतकातच इथल्या मंडळींनी कीर्तन देवळातून चर्चमध्ये नेलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक बरीच वर्षं नगरला होते. आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकारामाच्या वाटेने, अशी त्यांची भावना होती. त्यांनी घेतलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ज्यांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचलं असेल त्यांना ते घर आठवेल. सोवळं, ओवळं, रुसवे, प्लेगच्या छावण्या आणि या सगळ्यात न थकणाऱ्या लक्ष्मीबाई. बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरी मुलासारखे राहिले. शाहू मोडक जन्मले तेव्हा टिळक हयात होते, पुढच्या वर्षी, १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. सांगायचं हे, की ख्रिस्ती घरातल्या मुलाने भक्तीची गाणी म्हणावीत यात नगरला काही नवल नव्हतं. नवल बाहेरच्यांना वाटलं.

त्या काळी सिनेमात येणाऱ्याला गाता यावंच लागे. पार्श्वगायन अजून आलेलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, अभिनय करायचा आणि त्याच वेळी स्वतःच्या गळ्यानं गायचं. वाजवणारे कुठेतरी झाडामागे, खांबामागे लपून बसलेले असायचे! संगीत नाटकाची सवय लागलेला प्रेक्षक होता, त्याला गाणं हवंच होतं. ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा मराठी बोलपट १९३२ च्या फेब्रुवारीत आला, त्यातले हरिश्चंद्र म्हणजे नाटकातले गाणारे गोविंदराव टेंबे.

पण नाटकातली सगळीच जादू पडद्यावर चालली नाही. प्रत्यक्ष बालगंधर्वांचं उदाहरण बघा. रंगभूमीवर ते स्वयंवरातली रुक्मिणी झाले, ‘एकच प्याला’तली सिंधू झाले, आणि घरंदाज बायका त्यांच्या लुगड्याची, अंबाड्याची नक्कल करायच्या. त्यांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ केले. त्या भूमिकेत लोकांना आपले गंधर्व सापडले नाहीत. रंगमंचावर पुरुषाने लुगडं नेसलं तर चालत होतं, कॅमेरा जवळ आला की ते झाकत नाही. पडद्याला खरी बाई हवी होती आणि तरुण, कोवळे, गाणारे चेहरे हवे होते. अशा वेळी एका बाजूने शांता आपटे आणि दुसऱ्या बाजूने शाहू मोडक पुढे आले. योगायोग असा, की दोघं आले एकाच चित्रपटातून.

तो चित्रपट ‘श्यामसुंदर’, साल १९३२. पुण्याला दादासाहेब तोरणे यांची सरस्वती सिनेटोन कंपनी होती. दिग्दर्शक भालजी पेंढारकर. शाहू मोडक कृष्ण, शांता आपटे राधा. तो चौदाचा, ती सोळाच्या आसपासची. आज एवढ्या वयाची मुलं आपल्याला एक भाजी धड आणून देत नाहीत! मुंबईत हा चित्रपट सलग २५ आठवड्यांहून जास्त चालला. असा पंचवीस आठवडे चाललेला, ज्याला पुढे रौप्यमहोत्सवी म्हणायला लागले, तो मुंबईतला हा पहिला चित्रपट म्हणून ओळखला जातो. मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे तो होता. एका चित्रपटाने हा मुलगा घरोघरी पोचला.

शांता आपटे यांची गोष्ट खरं तर वेगळ्या लेखाची आहे. ‘कुंकू’तली म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा न मानणारी नीरा त्यांची. प्रभातच्या दाराशी १९३९ साली उपोषणाला बसणारी ही बाई, मुलींनी सिनेमात जावं की नाही यावर १९४० साली पुस्तक लिहिणारी. पुन्हा कधीतरी तिच्यावर लिहीन.

दुसऱ्याच वर्षी, १९३३ साली, ‘आवारा शहजादा’ आला. राजपुत्र आणि रस्त्यावरचा भिकारी पोर, दोघं दिसायला सारखे, अदलाबदल होते, अशी ती गोष्ट. दोन्ही कामं शाहू मोडकांनी केली. आपल्या बोलपटातली ही पहिली दुहेरी भूमिका मानतात. मूकपटात अण्णा साळुंके यांनी फाळक्यांच्या ‘लंकादहना’त राम आणि सीता दोन्ही केले होते, १९१७ साली. पण तिथे बोलायचं नव्हतं. इथे दोन मुलं दोन तऱ्हेने बोलायला, चालायला हवी होती. दिग्दर्शक होते मास्टर विठ्ठल, म्हणजे ‘आलम आरा’चे नायक. आज एकाच चित्रपटात जुळे भाऊ दिसले की आपल्याला काही वाटत नाही. तेव्हा एकच पोरगा पडद्यावर दोन ठिकाणी दिसल्यावर लोकांचं काय झालं असेल, कल्पना करा.

बालकलाकाराचं पुढे काय होतं ते आपण बघतोच. मिसरूड फुटलं, आवाज फुटला की लोक विसरतात. मोडकांचं तसं झालं नाही याचं मोठं श्रेय पुण्याच्या प्रभात कंपनीला द्यायला हवं. १९३८ साली त्यांनी प्रभातचा ‘माझा मुलगा’ केला. दिग्दर्शक के. नारायण काळे, नायिका शांता हुबळीकर. त्यात कृष्ण नाही, मुकुट नाही, साधा शिकलेला तरुण. आणि मग १९३९ साली व्ही. शांताराम यांचा ‘माणूस’ आला, हिंदीत ‘आदमी’.

‘माणूस’ मी पहिल्यांदा लहानपणी दूरदर्शनवर पाहिला तेव्हा काही कळलं नव्हतं. मोठेपणी, बायकांच्या कामात पडल्यावर पुन्हा पाहिला आणि रात्री झोप आली नाही. गोष्ट अशी. गणपत हा पोलीस शिपाई. एका रात्री वस्तीवर धाड पडते. तिथे मैना ही गाणारी, शरीरविक्रयाच्या धंद्यात अडकलेली बाई त्याला दिसते, आणि तो तिला पकडण्याऐवजी वाचवतो. मग तो तिच्याकडे जायला लागतो. तिला त्या नरकातून काढायचं, लग्न करायचं, घरी न्यायचं हे त्याच्या मनानं घेतलेलं. तो तिला खरंच घरी नेतो, आईकडे. आई साधी, देवभोळी. ती भूमिका सुंदराबाईंनी केली होती, मोठ्या गायिका होत्या त्या. आई काही वाईट वागत नाही. उलट ती मायेनं वागते, आणि तेच मैनेला सोसत नाही. ज्या घरात देवाला दिवा लागतो त्या घरात आपण कोण म्हणून शिरायचं, हा प्रश्न तिला आतून खातो. ती निघून जाते. तिला छळणारा, पैसे उकळणारा मामा पुन्हा आडवा येतो, तिच्या हातून त्याचा खून होतो, ती तुरुंगात जाते. गणपत तिला सोडवायला धडपडतो आणि ती सुटायला नकार देते. तो कोलमडतो, पण दारूच्या बाटलीला मिठी मारून मरत नाही. तो पुन्हा कामावर उभा राहतो.

चारच वर्षांपूर्वी ‘देवदास’ येऊन गेला होता आणि प्रेमात हरलेल्या पुरुषाने मरायचंच असतं असं सगळ्या देशाला वाटायला लागलं होतं. ‘माणूस’ हे त्याला दिलेलं उत्तर होतं.

या चित्रपटाचं बोलणं निघालं की लोक शांता हुबळीकरांबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. मूळच्या हुबळीकडच्या, मातृभाषा कानडी, आणि मराठीत त्यांनी ती मैना अशी उभी केली की आजही तिचं नाव निघतं. उद्याची फिकीर करू नका असं सांगणारं त्यांचं ते गाणं अनेक भाषांतून फिरत जातं. म्हातारपणी त्यांना वृद्धाश्रमात राहावं लागलं. आत्मचरित्राला त्यांनी त्याच गाण्याचे शब्द नाव म्हणून दिले. १९९२ साली त्या गेल्या.

पण मला गणपतबद्दल बोलायचं आहे. शाहू मोडक तेव्हा एकवीस वर्षांचे होते. पोलिसाची टोपी, अर्धी विजार, हातात कंदील. मैनेच्या खोलीत पहिल्यांदा जातो तेव्हा त्याचं ते संकोचणं बघा. त्या खोलीत पुरुष ज्या नजरेनं येतात ती नजरच त्याच्याकडे नाही, म्हणून तिला तो वेडा वाटतो. मोडकांच्या चेहऱ्यावर मुळातच एक निर्मळपणा होता. कृष्णाच्या भूमिकेत तो शोभून दिसे, पण तिथे तो अपेक्षितच असतो. धाडीवर निघालेल्या शिपायाच्या चेहऱ्यावर तो दिसतो तेव्हा काळजात हलतं. माझं तर मत असं, की त्यांच्या सगळ्या देवांपेक्षा हा शिपाई मोठा. कुणाला पटो न पटो.

आपल्या नगरात १९८९ पासून स्नेहालय संस्था अशा वस्त्यांतल्या बायका आणि त्यांची मुलं यांच्यासाठी काम करते. या प्रकारच्या कामाशी थोडा जरी संबंध आला तरी मैनेचा नकार किती खरा आहे ते समजतं. धंदा सोडलेल्या बाईला जागा मिळते, शिलाई मशीन मिळतं, कागदपत्रं होतात. अडतं ते उंबऱ्याशी. हळदीकुंकवाला बोलावलं तर ती येत नाही, आणि आपण म्हणतो की बोलावलं होतं हो, तीच आली नाही. ‘माणूस’ला आता पंच्याऐंशीच्या वर वर्षं झाली.

पुढच्याच वर्षी, मे १९४० मध्ये, ‘संत ज्ञानेश्वर’ आला. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन. याच जोडीने चार वर्षं आधी ‘संत तुकाराम’ केला होता, त्यात तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. फत्तेलाल मुसलमान होते हे लक्षात घ्या. तुकारामाच्या आणि ज्ञानेश्वराच्या चित्रपटाचा एक डोळा फत्तेलालांचा, आणि ज्ञानेश्वर झाला तो नगरचा ख्रिस्ती तरुण! पटकथा शिवराम वाशीकरांची, गाणी शांताराम आठवल्यांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. लहानपणचा ज्ञानेश्वर यशवंत या मुलाने केला, मोठेपणीचा मोडकांनी. रेड्याच्या तोंडून वेद, पाठीवर भाजलेले मांडे, वाघावर बसून येणारे चांगदेव आणि त्यांना सामोरी जाणारी भिंत, हे सगळे चमत्कार त्या काळच्या साधनांनी असे दाखवले की तंबूतल्या बायका उभ्या राहिल्या, ते वर सांगितलंच.

मला त्या चित्रपटात चमत्कारांपेक्षा घरातली चार भावंडं आवडतात. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला होता, गुरूंच्या आज्ञेनं ते परत संसारात आले, आणि त्याची शिक्षा मुलांना झाली. संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं गेलं, मुंज नाकारली, भीक नाकारली. आईबापांनी देहत्याग केला तरी गावाचं समाधान नाही. मुक्ताई तर एवढीशी पोर, आणि दार लावून बसलेल्या थोरल्या भावाची समजूत तिनं काढायची! इतकं सोसून ज्याच्या मनात कडवटपणा उरला नाही असा तरुण पडद्यावर दाखवायचा होता. रागावणं दाखवणं सोपं, न रागावणं दाखवणं अवघड. मोडकांनी ते आवाज न चढवता केलं.

आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती कुठे? आपल्याच नेवाशाला, प्रवरेकाठी, शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९०. ज्या खांबाला टेकून माउली बसल्या तो पैस खांब आजही तिथे आहे. पैठणने शुद्धिपत्रासाठी हेलपाटे घालायला लावले, नेवाशाने बसायला जागा दिली, असं आमच्या भागात अभिमानानं म्हणतात. त्या नेवाशाच्या जिल्ह्यातलाच माणूस साडेसहाशे वर्षांनी पडद्यावर ज्ञानेश्वर झाला. पैठणच्या धर्मसभेला विचारलं असतं तर त्याला दारातसुद्धा उभं केलं नसतं. सिनेमा बघणाऱ्या साध्या माणसांनी मात्र त्याला हात जोडले.

१९४२ साली विजय भट्ट यांचा ‘भरत भेट’, हिंदीत ‘भरत मिलाप’, आला. प्रेम अदीब राम, शोभना समर्थ सीता, दुर्गाबाई खोटे कैकेयी, आणि शाहू मोडक भरत. ज्याला राज्य आयतं मिळालंय आणि ज्याला ते नकोय, असा भाऊ. जमिनीच्या तुकड्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालणाऱ्या आपल्या खेड्यापाड्यांत हा भरत किती रडवून गेला असेल, ते मी वेगळं सांगायला नको.

यानंतरची कारकीर्द पौराणिक चित्रपटांची. १९५७ च्या ‘नरसी भगत’मध्ये ते नरसी मेहता झाले, निरूपा रॉय सोबत होत्या. आणि कृष्ण तर किती वेळा? एकोणतीस चित्रपटांत त्यांनी कृष्ण केला असं सांगितलं जातं. एकाच देवाचं एवढ्या वेळा रूप घेतलेला दुसरा नट सापडणं कठीण. खरं तर पडद्यावरचा पहिला लाडका बाळकृष्ण एक मुलगी होती, दादासाहेब फाळक्यांची मंदाकिनी, १९१९ च्या ‘कालियामर्दन’मधली. पण मोठा, बासरी वाजवणारा, अर्जुनाला समजावणारा कृष्ण म्हटलं की दोन पिढ्यांना मोडकच आठवायचे. टीव्हीवरच्या रामायण-महाभारतातल्या नटांना लोक नमस्कार करायचे हे आपण पाहिलं. मोडकांच्या नशिबी ते त्याच्या पन्नास वर्षं आधी आलं होतं.

आता यात आनंदच मानायचा का? मला जरा हळहळ वाटते. ज्यानं गणपत शिपाई केला, त्याच्या हाती पुढे पुन्हा पुन्हा मोरपीस आणि बासरीच दिली गेली. देव झालं की माणसाची कामं मिळत नाहीत. चेहरा सुंदर, वाणी शुद्ध, चाल संथ, मग निर्मात्याला पुढचा पौराणिक सुचला की हेच नाव पुढे येणार. बायकांच्या बाबतीत हे आपण रोज बघतो. एखादी सून सोशिक निघाली की घरातलं सगळं सोसण्याचं खातं कायमचं तिच्याकडे. चांगुलपणाचा असाही एक साचा असतो. मोडकांनी त्याबद्दल कुरकुर केली नाही, मन लावून कृष्ण करत राहिले. ज्योतिषाचा त्यांचा अभ्यास मोठा होता, त्यासाठीही लोक त्यांच्याकडे येत.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र सिनेमात शोभावी अशी आहे. त्यांच्या पत्नी प्रतिभाताई पूर्वाश्रमीच्या जैन साध्वी. दीक्षा घेतलेली, संसार सोडलेली बाई परत संसारात आली आणि जन्माने ख्रिस्ती असलेल्या, कृष्ण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नटाशी तिनं लग्न केलं. विचार करा. संन्यास घेऊन परत आलेल्या पुरुषाच्या घराला कित्येक शतकांपूर्वी वाळीत टाकलं होतं, ती गोष्ट याच नटाने पडद्यावर जगलेली. आणि इथे तर परत आलेली बाई होती. आपल्याकडे मुलगी लग्न मोडून परत आली तरी आळीतल्या बायका महिनाभर कुजबुजतात, तिथे साध्वीने संसारात परतायचं म्हणजे काय पाठीवर घ्यावं लागलं असेल, ते आपल्यातल्या प्रत्येकीला न सांगता समजेल. पुढे प्रतिभाताईंनी नवऱ्याचं चरित्र लिहिलं, आणि त्याच्या नावातच त्यांना देवमाणूस म्हटलं. संसार करून झाल्यावर नवऱ्याला देवमाणूस म्हणायला धीर लागतो, नाही का? कृष्ण म्हणणं सोपं होतं, ते लोकांनी आधीच म्हटलं होतं. दाढी करताना, चिडताना, आजारी असताना पाहिलेल्या माणसाला देवमाणूस म्हणणं वेगळं.

शाहू मोडक ११ मे १९९३ रोजी गेले. तेव्हा मी शाळेत होते. पेपरात बातमी आली असणार, पण मला ती आठवत नाही. आमच्या घरी कुणी त्याबद्दल बोललंही नसावं. त्यांची जन्मशताब्दी २०१८ साली झाली. आजच्या नगरच्या मुलांना विचारलं तर नाव सांगणारं क्वचित कुणी भेटेल. ‘माणूस’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ मात्र आता मोबाइलवरसुद्धा बघायला मिळतात. दुपारची झाकपाक झाली की एखाद्या दिवशी मालिका सोडून ‘माणूस’ लावून बघा. आवाज थोडा खरखरतो, पहिली दहा मिनिटं धीर धरा. चहा देणाऱ्या पोराकडेही लक्ष ठेवा, तो लहानपणचा राम मराठे, पुढे संगीत नाटकं गाजवणारा.

गेल्या आषाढात आम्ही सासूबाईंना घेऊन नेवाशाला गेलो होतो. पैस खांबाला डोकं टेकून त्या बराच वेळ बसल्या. परतीच्या वाटेवर मी त्यांना सांगितलं, की तुमचे सिनेमातले माउली आपल्या नगरचे होते आणि ख्रिस्ती होते. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल, निदान चेहरा तरी बदलेल. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी एवढंच विचारलं, की नगरात नेमकं कुठलं घर त्यांचं, आणि आधी का नाही सांगितलंस, जाऊन बघून आलो असतो.